बायकांच्या चार दिवसांचे शब्द
(साक्षरता वर्गातील बायांपुढे केलेले भाषण)

बायांनो,

आज आम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिला आहे. पाळी. दोन अक्षरे आहेत, पा आणि ळी. ळ हे अक्षर तुम्ही शिकलात. बाळ, केळ, काळ हे शब्द तुम्ही पाटीवर गिरवले. तेव्हा हा शब्द तुम्हांला वाचता येतो. पण मोठ्याने म्हणा म्हटले की सगळा वर्ग खाली बघतो आणि पदर तोंडाला लावतो. हसायचे असेल तर हसून घ्या. दार लोटलेले आहे. मग मात्र ऐका.

या एका गोष्टीला आपल्याकडे किती नावे आहेत पाहा. कोणी म्हणते, 'मी बाहेरची आहे.' कोणी म्हणते, 'दूर बसलेय', 'बाजूला झालेय'. कोणी 'अडचण आलीय' म्हणते. म्हातारी माणसे 'विटाळशी' म्हणतात. लहान पोर विचारायला लागले की त्याला सांगतात, 'आईला कावळा शिवला.' शिकलेल्या पोरी 'एम. सी.' म्हणतात, 'पिरियड' म्हणतात, किंवा नुसते 'प्रॉब्लेम' म्हणून मोकळ्या होतात. इतकी नावे असून खरे नाव घ्यायची वेळ आली की जीभ अडते. ही नावे आली कुठून, ते आज पाहू. हे काही नुसते पंडितांचे काम नाही. ते आपल्या अंगाशी कसे येते, ते पुढे सांगतो.

आधी पाळी. हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. कालव्याचे पाणी तुमच्या शेताला केव्हा मिळते? तुमची पाळी आली की. रानाला कुळवाच्या पाळ्या घालतात, एक झाली की दुसरी. गिरणीत माणसे दिवसपाळीला जातात, रात्रपाळीला जातात. पाळी म्हणजे ओळीने, क्रमाने, फिरून येणारी वेळ. संस्कृतात पालि म्हणून शब्द आहे. त्याचा अर्थ ओळ, रांग, कड. कानाची पाळी म्हणतो ती या कडेच्या अर्थाची. तेव्हा पाळी या शब्दात घाण नाही, पाप नाही आणि लाजण्याजोगे काहीच नाही. पाण्याची पाळी यावी तशी महिन्याची पाळी येते, एवढेच तो सांगतो.

गंमत अशी की पोरींचा 'पिरियड' हा शब्दही हेच सांगतो. तो मूळचा ग्रीक लोकांचा. त्यांच्या भाषेत पेरी म्हणजे भोवती आणि होदोस म्हणजे वाट. भोवती फिरून परत येणारी वाट, तो पिरियड. डॉक्टर 'मेन्सेस' म्हणतात. तो लॅटिन भाषेतला शब्द आहे, त्याचा अर्थ महिने. आपला मास शब्द त्याच कुळातला. संस्कृतात मास म्हणजे महिना आणि चंद्रही. चंद्राच्या फेऱ्यावर महिना मोजत, म्हणून दोघांचे नाव एक. दूरदूरच्या लोकांना नाव ठेवताना फिरून येणारी वेळच आधी दिसली. आम्हांला विचाराल तर पाळी हाच शब्द सगळ्यांत चांगला. इंग्रजी शब्द पोरींना सोपा वाटतो, कारण तो परक्याचा आहे, म्हणून लाज वाटत नाही. पण आजीला तो कळत नाही, आणि आजीला कळायला पाहिजे.

आता कावळा. शिवणे हे आपल्याकडे दोन आहेत. एक सुईदोऱ्याचे. दुसरे हात लावण्याचे, 'मला शिवू नको' म्हणतो ते. दिसायला दोन्ही सारखे, पण त्यांची घरे वेगळी. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषांचे व्याकरण लिहिले. त्यात ते सांगतात की संस्कृतातल्या स्पर्श करणे या धातूच्या जागी लोक छिव असे म्हणतात. तो छिव आपल्याकडे शिव झाला. शिवाशिव हा शब्द त्यातूनच आला.

कावळा अंगाला लागला तर अंघोळ करावी, असे लोक मानत. त्यावरून पोराला सांगायला हे निमित्त झाले. पण तुम्ही घाटावर दहाव्याला गेला असाल. पिंड ठेवतात आणि सगळी मंडळी हात जोडून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की सुटकेचा श्वास टाकतात, गेलेला माणूस तृप्त झाला म्हणतात. तिथे तोच कावळा, तेच शिवणे, आणि त्याच्यासाठी नवस बोलायची तयारी. घरी मात्र तो शिवला की बाई कोपऱ्यात. आम्ही कावळ्याला दोष देत नाही. त्या बिचाऱ्याने यांतले काहीच केलेले नाही. पण लहान मुलगी हे खरे धरते. काही वर्षांनी स्वतःच्या कपड्याला डाग दिसला की तिला वाटते, आपल्याला काही इजा झाली, नाहीतर आपण मरणार. कावळा कुठे दिसला नाही, मग हे झाले काय? पोरीला भलतेच सांगून ठेवले की तिची अशी गत होते.

विटाळ हा शब्दही हेमचंद्रांच्या पुस्तकात सापडतो. तिथे तो विट्टाल असा आहे. लोकांच्या बोलीत जे खास शब्द होते, त्यांत तो दिला आहे. अर्थ दिला आहे, ज्याला शिवू नये त्याच्याशी झालेला संपर्क. म्हणजे हा शब्द निदान आठशे वर्षांचा जुना आहे. आणि ध्यानात घ्या, तो फक्त बाईला लावलेला नाही. गावकुसाबाहेरच्या माणसांनाही तोच लावला. एकाच शब्दाने दोघांना दूर बसवले. संत चोखोबांच्या घरी सोयराबाई होत्या, चौदाव्या शतकात. त्या बाई होत्या आणि महार समाजाच्याही होत्या. विटाळाचा दोन्हीकडचा मार त्यांनी सोसला. आपल्या अभंगात त्यांनी सरळ सवाल केला आहे. विटाळ नाही असा देह या जगात कोणाचा, आणि त्यावाचून जन्माला आलेला कोण आहे? पंडितांना त्याचे उत्तर देता आलेले आम्ही तरी कुठे वाचले नाही.

१९५० साली आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. चावडीवर, विहिरीवर कोणी विटाळ म्हणाला तर आज तो गुन्हा ठरतो. घरात मात्र तोच शब्द लेकीसुनांच्या अंगावर अजून टाकला जातो. गडचिरोलीच्या रानात माडिया-गोंड वस्त्यांमध्ये पाळीच्या बाईला गावाच्या कडेला वेगळ्या झोपडीत राहावे लागे. काही ठिकाणी ते अजून चालते. त्या झोपडीला कुर्माघर म्हणतात. पावसाळ्यात तिथे विंचूसापाची भीती असते. शहरातल्या बायांनी त्यांना हसू नये. कित्येक पक्क्या घरांत देवघराच्या उंबऱ्यावर तीच झोपडी उभी आहे.

आता जुन्या पोथ्यांकडे वळू. तिथे एक नाही, दोन तऱ्हांचे शब्द आहेत, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत एक कथा आहे. इंद्राने विश्वरूपाला मारले. ब्राह्मण मारल्याचे पाप त्याला लागले. त्याने ते तिघांत वाटून दिले. एक वाटा पृथ्वीने घेतला, एक झाडांनी, एक बायकांनी. बदल्यात प्रत्येकाला वर मिळाला. पृथ्वी खणली तर खड्डा पुन्हा भरून यावा, झाड तोडले तर पुन्हा फुटावे, बाईला मूल व्हावे. बायकांनी घेतलेला वाटा म्हणजे पाळी, असे कथा सांगते. ऋषिपंचमीची कहाणी तुम्ही ऐकताच, त्या दिवसांत शिवाशिव झाली म्हणून बाई कुत्री झाली आणि नवरा बैल झाला. ती याच वाटेवरची. आता विचार करा. पाप केले इंद्राने. वाटा घेतला बाईने. आणि दूर बसायचे कोणी? इंद्राला तर कोणी तीन दिवस कोपऱ्यात बसवले नाही.

त्याच ठिकाणी पाळीच्या बाईला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'जिचे वस्त्र मळले आहे ती' असा आहे. मळले ते वस्त्र. ते धुतले की झाले. पुढे अमरकोश नावाचा संस्कृत शब्दांचा कोश झाला. त्यात मलिनी असा शब्द आला. आता मळ वस्त्रावरून बाईच्या अंगावर आला. पण त्याच कोशात, त्याच जागी, पुष्पवती असाही शब्द आहे. म्हणजे फूल आलेली. वेलीला आधी फूल येते, मग फळ धरते, तशी ही. एकीकडे मळ आणि एकीकडे फूल, दोन्ही एकाच बाईला, एकाच ओळीत. उदक्या असाही शब्द तिथे आहे. उदक म्हणजे पाणी. जिला अंघोळीला पाणी हवे, ती उदक्या. हा शब्द आज कोणी बोलत नाही, पण तो आम्हांला आवडतो. त्या दिवसांत बाईला खरोखर काय लागते, ते त्यात आहे.

रजस्वला हा शब्द कीर्तनात ऐकला असेल. द्रौपदीला सभेत ओढून नेले तेव्हा ती रजस्वला होती, एका वस्त्रात होती. रज म्हणजे धूळ, असे आपण समजतो. पण वेदाच्या शब्दांचा अर्थ सांगणारे यास्क नावाचे जुने आचार्य या शब्दाचे बरेच अर्थ देतात. प्रकाश, पाणी, लोक आणि रक्तसुद्धा. फुलातल्या परागालाही रज म्हणतात. ओडिशात जूनच्या मध्यावर, पाऊस तोंडावर आला की 'रज' नावाचा सण करतात. तिथले लोक मानतात की या तीन दिवसांत धरणीमाता रजस्वला असते. मग नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. पोरींना कामाला लावत नाहीत. त्या नवी लुगडी नेसतात, झाडाला झोके बांधतात, गोडधोड खातात. चौथ्या दिवशी धरणीला स्नान घालतात. विसावा तिथेही आहे, पण तो झोक्यावरचा आहे. आपल्याकडे काही म्हणतात, 'बाईला आराम मिळावा म्हणून दूर बसवत.' मिळतही असेल कुठे. पण चुलीपासून दूर बसवलेल्या बाईला गोठ्यातले शेण काढायला, सरपण आणायला आणि रानात खुरपायला कोणी अडवले, असे तुम्ही कोणी सांगाल का?

ऋतू हाही जुना शब्द. ऋतू म्हणजे योग्य वेळ, नेमकी वेळ. पावसाचा ऋतू, थंडीचा ऋतू, तसा बाईचा ऋतू. वैद्य लोक आर्तव म्हणतात ते त्यावरूनच.

आता पहिल्या पाळीचे शब्द ऐका. ते किती गोड आहेत. 'मुलीला न्हाण आलं.' 'पदर आला.' 'शहाणी झाली.' स्नान शब्दाचे प्राकृतात ण्हाण झाले, मराठीत न्हाण. परकर जाऊन लुगड्याचा पदर खांद्यावर आला, म्हणून पदर येणे. शहाणी या शब्दाचे नाते सज्ञान या शब्दाशी सांगतात, म्हणजे जिला ज्ञान आहे ती. पण कोणते ज्ञान देतात हो तिला? शहाणी झाली असे शेजारीपाजारी सांगतात आणि तिला स्वतःला कोणी काही सांगत नाही. पूर्वी तिला मखरात बसवत, फुलांनी सजवत, गाणी म्हणत. पहिल्या खेपेला मखर आणि दुसऱ्या महिन्यापासून कोपरा!

मखराचे कौतुक फार करू नये. ते कौतुक कशाचे होते? लग्न लहानपणीच झालेले असे. न्हाण आले, की आता सासरी पाठवा, अशी ती दवंडी होती. गर्भाधानाचा विधी लगेच व्हावा, असे शास्त्री सांगत. मुलगी अकरा वर्षांची का असेना. १८९१ साली सरकारने कायदा करून ही वयाची मर्यादा दहावरून बारा केली. केवळ दोन वर्षे वाढवली, तरी पुण्यात केवढे वादळ उठले. टिळक विरुद्ध बाजूला होते; आगरकर, डॉ. भांडारकर बाजूने होते. एका शब्दाला चिकटून एवढा संसार उभा होता. आज मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय १८ आहे. 'पदर आला' म्हणजे लग्नाला आली, असे आता समजू नये. शहाणी झाली असेल तर शाळेत ठेवा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवले. शरीराच्या गोष्टी त्यांनी मराठीत उघड लिहिल्या. अश्लील म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. साधे नाव घेऊन लिहिणे इतके महाग पडत होते.

आता, हे अंगाशी कसे येते म्हणालो होतो, ते सांगतो. बाई दवाखान्यात जाते आणि म्हणते, 'अंगावर जातं.' डॉक्टरने काय समजावे? पांढरे जाते की लाल जाते? किती दिवस? बाई 'अडचण आहे' म्हणते आणि डॉक्टरला वाटते घरची अडचण. शब्द झाकलेला राहिला की रोगही झाकलेला राहतो. पाळीत साधारण दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. दोन ते सात दिवस जाते. ते गर्भाशयाच्या आतले अस्तर असते. मूल राहिले नाही म्हणून ते सुटते. शरीराने साठवलेली घाण नव्हे ती. पण तास-दोन तासांत कपडा भिजतो, मोठ्या गाठी पडतात, आठ-दहा दिवस थांबत नाही, असे असेल तर ते बरे नाही. अंगातले रक्त कमी होते, धाप लागते. तिथे 'मला पाळीत फार रक्त जातं' असे सरळ म्हणावे लागते. आणि वय झालेल्या बायांनी हे जरूर ऐकावे. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर बाया म्हणतात, 'पाळी परत आली.' ती पाळी नव्हे. तिला पाळी म्हणू नका आणि लगेच डॉक्टरला दाखवा. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

एका शब्दाने बीड जिल्ह्यात काय केले पाहा. तिथून हजारो जोडपी ऊस तोडायला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. एक दिवस काम चुकले तर त्याला 'खाडा' म्हणतात, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. पाळीत पोट दुखले तरी बाई खाडा करू शकत नाही. अशा बायांना सांगण्यात येई, 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' २०१९ साली हे बाहेर आले. सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांचे गर्भाशय काढलेले निघाले. पुष्कळ बाया चाळिशीच्याही आतल्या होत्या. बायांनो, पिशवी म्हटले की काय वाटते? बाजाराची पिशवी. रिकामी झाली, फाटली, टाकून दिली. गर्भाशय म्हटले असते तर बाईने दोन प्रश्न विचारले असते. शब्दामुळेच सगळे झाले असे आम्ही म्हणत नाही. गरिबी होती, कर्ज होते, लोभ होता. पण पिशवी या शब्दाने ते सोपे केले. कोणी डॉक्टर असे म्हणाला तर विचारा, 'गर्भाशय का काढायचं? औषधाने होणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का?'

आता वहीत लिहायचे शब्द. पाळी. गर्भाशय. तारीख. गर्भाशय कठीण आहे, त्यात र्भ हे जोडाक्षर आहे, ते आम्ही फळ्यावर मोठे काढून देतो.

तारखेचे एक सांगून थांबतो. नर्सबाई विचारतात, 'शेवटची पाळी कधी आली?' तुम्ही सांगता, 'सोमवारी डोक्यावरून पाणी घेतलं.' तो झाला चौथा दिवस. त्यांना पहिला दिवस हवा असतो. दिवस राहिले असतील तर बाळंतपणाची तारीख त्या पहिल्या दिवसावरून काढतात. तेव्हा ज्या दिवशी प्रथम रक्त दिसले, त्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने पा काढा. एवढे एक अक्षर पुरे. घरातले कोणी विचारले, 'हे पा कशाचं?' तर सांगा.